पाण्यावरचं घर, विजेवरची बोट: बांधायच्या आधी कागदावर काय मांडाल?

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांची ही दोन्ही झाली आहेत आणि तरीही हात शिवशिवताहेत, अशांच्या मनात हल्ली एक तिसरं खूळ शिरलेलं दिसतं. आपली स्वतःची बोट बांधायची, तिच्यात राहायचं आणि तीही डिझेलच्या धुराशिवाय, विजेवर चालवायची. छतावर सोलर पॅनल, खाली बॅटरी, मोटारीचा जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि सकाळच्या चहाला रोज वेगळा किनारा. परदेशातले व्हिडिओ पाहून हे स्वप्न अगदी हाताशी आल्यासारखं वाटतं. निवृत्तीला आलेली जोडपी त्यासाठी फ्लॅट विकायचा विचार करतात आणि घरून काम करणारे तरुण त्यासाठी पगार साठवतात.

हे खूळ वाईट नाही. फक्त ते स्वस्तात तपासून पाहायची एकच जागा आहे, ती म्हणजे कागद. कागदावर भिंत सरकवायला एक खोडरबर पुरतं. तीच भिंत फायबरग्लासमध्ये सरकवायला महिना लागतो आणि बरेच पैसे. म्हणून पहिलं वर्ष नुसतं मांडणीला द्या.

हे आपल्याकडे कुणी केलंय का?

केलंय, आणि गोष्ट मुंबईतूनच सुरू होते. १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण ब्रिटिश अधिकारी व्यापारी जहाजावर नोकरी करत मुंबईत होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की इथेच एक बोट बांधायची आणि तीच चालवत घरी जायचं. इंग्लंडहून आराखडे मागवले, तर आले ते भलत्याच, जुन्या पद्धतीच्या बोटीचे. पुन्हा मागवायला वेळ नव्हता. मग त्याच आराखड्यावर, आपल्याच सागवानाची, आपल्याच कारागिरांच्या हातून ३२ फुटांची ‘सुहेली’ तयार झाली आणि १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. इंग्लंडला जाताना पैसे संपले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत थांबून काम करावं लागलं. याच ‘सुहेली’तून १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ असे ३१२ दिवस नॉक्स-जॉन्स्टन एकटा, कुठेही न थांबता जगाची फेरी मारून आला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस.

पुढची कडी आपल्या घरातली आहे. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी हे साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. २००६ मध्ये नौदलातले कमांडर दिलीप दोंदे त्यासाठी पुढे आले. दोंदे आधी शिकायला गेले ते याच नॉक्स-जॉन्स्टनकडे, त्यांच्या शर्यतीच्या बोटीवर हाताखाली काम करायला. आणि बोट बांधायची जबाबदारी घेतली गोव्यात दिवाडी बेटावर अॅक्वेरियस हा कारखाना चालवणाऱ्या रत्नाकर दांडेकरांनी. महासागर पार करणारी शिडाची बोट त्यांनी तोवर बांधलेली नव्हती.

दोघांनाही हा प्रकार नवा होता. त्यांनी काय केलं? बोटीचा आकार स्वतः काढायच्या फंदात ते पडले नाहीत. व्हॅन द स्टाट या नेदरलँड्समधल्या डिझाइन कंपनीचा ‘टोंगा ५६’ हा पारखलेला आराखडा घेतला आणि त्यावर लाकडाचा गाभा आणि वरून फायबरग्लास अशी ५६ फुटांची बोट उभी केली. १२ फेब्रुवारी २००९ ला ती नौदलात दाखल झाली. नाव ‘म्हादेई’, गोव्याच्या नदीवरून. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबे घेत १९ मे २०१० ला परतले. दोंदेंनी हा सगळा प्रवास ‘द फर्स्ट इंडियन’ या पुस्तकात लिहिलाय. बोट बांधायचं मनात असेल तर निदान बांधणीचा भाग तरी मिळवून वाचाच.

‘म्हादेई’ शिडाची बोट होती, आपल्या विषयातली विजेवरची नव्हे. पण तिच्याकडून घ्यायचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे: बाहेरचं कवच तज्ज्ञाचं घ्या, आतलं घर तुमचं करा. पाण्याखालचा आकार, बोट किती कलली तर परत सरळ होईल, वजनाचा मध्य कुठे पडेल, हे नेव्हल आर्किटेक्टचं काम आहे आणि तिथली चूक जिवावर बेतते. जगात हौशी बांधणाऱ्यांसाठी तयार आराखडे विकत मिळतात. स्वतः डिझाइन करायची हौस आहे ना? स्वयंपाकघर, झोपायची जागा, बॅटरी, सोलर, वायरिंग यात ती पुरून उरेल इतकी फिटते.

आधी वेग ठरवा

गाडी घेताना आपण शेवटी विचारतो, अॅव्हरेज किती देते? विजेवरच्या बोटीत हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. बोटीचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

पाण्याचा स्वभाव असा की वेग थोडा वाढवला तरी लागणारी ताकद भसकन वाढते. ढोबळ हिशेबाने ताकद वेगाच्या घनाप्रमाणे चढते. वेग दीडपट केला तर ताकद लागते जवळजवळ साडेतीनपट. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेल्या माझ्यासारखीलाही हे आकडे मांडून पाहायला मजा आली, तुम्हीही मांडा.

समजा तुमची बोट १० मीटर लांब, सडपातळ बांध्याची आहे. ४ नॉट वेगाला तिला अडीच किलोवॅट लागतात असं धरू. बॅटरी २० युनिटची, म्हणजे घरच्या वीजबिलातलं युनिट असतं तीच २०. पूर्ण रिकामी करायची नाही, म्हणून वापरायला १६. तर ४ नॉटने तुम्ही साडेसहा तासांच्या आसपास चालाल आणि साधारण ४७ किलोमीटर जाल. आता कंटाळा आला म्हणून वेग ६ नॉट केलात, तर अडीचऐवजी जवळजवळ साडेआठ किलोवॅट लागतील, दोन तासांच्या आतच बॅटरी संपेल आणि तुम्ही जेमतेम २१ किलोमीटर गेलेले असाल. बोट तीच, बॅटरी तीच, अंतर निम्म्याहून कमी.

शिवाय लांबीप्रमाणे प्रत्येक बोटीला एक वेगमर्यादा असते. १० मीटरच्या साध्या बोटीला ती साडेसात नॉटच्या आसपास येते. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि वीज नुसती पाणी घुसळण्यात जाते. डिझेलवाले तिथे इंजिन मोठं बसवून वेळ मारून नेतात. तुम्हाला तशी सोय नाही. एक लिटर डिझेलमधून इंजिनला साधारण ३ युनिटएवढं काम मिळतं असं धरलं, तर तुमच्या बॅटरीतली ती १६ युनिट म्हणजे पाच-साडेपाच लिटर डिझेल. एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये मावेल एवढं.

हे वाचून हिरमुसू नका, कारण हळू चालून लोक फार लांब गेलेत. ‘ट्युरानोर प्लॅनेटसोलर’ ही ३१ मीटरची बोट फक्त सूर्यावर चालत २७ सप्टेंबर २०१० ला मोनॅकोहून निघाली आणि ४ मे २०१२ ला जगाची फेरी करून तिथेच परतली. छतावर ५३७ चौरस मीटर पॅनल होती, तरी वेग सरासरी ५ नॉटच्या आसपासच. आपल्याकडे केरळात वैकम ते तवणक्कडव या मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सोलर फेरीबोट चालते. कोचीच्या नावआल्ट कंपनीने बांधलेली. छतावर २० किलोवॅटचं सोलर, प्रत्येकी २० किलोवॅटच्या दोन मोटारी. तिचं तळ एक नसून दोन अरुंद तळं शेजारी जोडलेली आहेत, त्यामुळे पाणी कमी ढकलावं लागतं आणि वर पॅनलला रुंद छत मिळतं. राहायच्या बोटीसाठीही हा बांधा विचारात घेण्यासारखा आहे, खास करून उथळ पाण्यात.

छत किती, ऊन किती, एसी किती

आता घरखर्चाचा हिशेब. १० मीटरच्या बोटीच्या छतावर ५४० वॉटची सहा मोठी पॅनल बसतील असं धरा. म्हणजे सव्वातीन किलोवॅट. चांगल्या उन्हाच्या महिन्यांत दर किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट पकडली, तर १३ युनिट मिळतात.

यातून घर चालवायचंय. फ्रिजला रोज एक युनिट, बीएलडीसी पंखे आणि दिव्यांना मिळून एक-सव्वा, दोन माणसांच्या स्वयंपाकाला इंडक्शनवर दोन, पाण्याचा पंप, लॅपटॉप, मोबाइल यांना पाऊण. म्हणजे पाच. उरली आठ. त्यात बोट ४ नॉटने तीन तास चालते, साधारण २३-२४ किलोमीटर. रोज इतकं फिरून रात्री बॅटरी होती तिथेच. वाईट आहे का? मला तरी हे ऐटीतलं वाटतं.

पण एप्रिल-मेच्या रात्री, खाडीच्या घामट हवेत, एक टनाचा एसी आठ तास चालवलात तर पाच-सहा युनिट गेलीच. मग दुसऱ्या दिवशी बोट तासभरही धड हलणार नाही. म्हणून एसीचं भांडण पाण्यात उतरण्याआधी मिटवा. आडवा वारा खेळेल अशा खिडक्या, पॅनलच्या खाली वारा वाहील असं दुहेरी छत, डासांच्या जाळ्या, हे सगळं आराखड्यात असताना फुकट पडतं. नंतर नाही.

पावसाळ्याचा आकडा वेगळा मांडा. ढगांत पॅनल निम्मं किंवा त्याहून कमी देतात. आणि कोकणात जून-जुलैमध्ये पाण्यावर राहायचा विचारही करू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गावोगावच्या होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या दिसतात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला नारळ वाहायची वाट बघणारी माणसं पिढ्यान्पिढ्या तिथे राहतात, त्यांना काहीतरी कळत असणारच. तेव्हा तुमचं पाण्यावरचं घर आठ-नऊ महिन्यांचं आहे असं धरा आणि उरलेल्या महिन्यांसाठी जमिनीवरचं एखादं घर राखून ठेवा. फ्लॅट विकायचा बेत असेल तर इथेच थांबून परत विचार करा.

बॅटरी: इथे कंजुषी नको

पॅनल स्वस्त झालीत, मोटारीही मिळतात, पैसा खरा लागतो तो बॅटरीत. इन्व्हर्टरला असते तशी लेड-अॅसिड बॅटरी वापरू का, असं पुष्कळ जण विचारतात. तिच्यातली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे १६ युनिट हवी तर ३२ युनिटचा संच, वजन टनाच्या घरात. तेवढंच काम लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी दीडशे-दोनशे किलोत करते, जास्त वर्षं टिकते आणि लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा आगीचा धोका कमी. राहायच्या बोटीत हीच घ्यावी. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बीएमएस यंत्रणा तिच्याबरोबर हवीच आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज हवा. जुन्या ई-रिक्षाचे किंवा गाडीचे सेल जोडून घरी संच बनवायचे व्हिडिओ बघायला छान असतात. पण ज्या खोलीत तुमची मुलं झोपणार आहेत तिच्याखाली तो प्रयोग नको.

बंदरात किनाऱ्यावरून चार्जिंग करायचं तर घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३ किलोवॅट मिळतात. रिकामी बॅटरी पाच-सहा तासांत भरते. फक्त किनाऱ्याचं अर्थिंग आणि बोटीचे पाण्यातले धातूचे भाग एकमेकांना जोडले गेले की खाऱ्या पाण्यात धातू झिजायला लागतो. त्यासाठी वेगळं उपकरण लावतात. आपल्या सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला हे माहीत नसेल, बोटींचं काम करणारा शोधा.

गॅस सिलिंडरबद्दल दोनच वाक्यं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला की घराच्या खिडकीसारखा बाहेर जात नाही, बोटीच्या तळाशी साचून राहतो. वीज असताना तो आत घेऊच नका.

किलोंचा हिशेब

जमिनीवर आपण चौरस फुटांत विचार करतो, पाण्यावर किलोत करावा लागतो. १० मीटरच्या बोटीचा पाण्याला टेकलेला भाग १८ चौरस मीटर असेल, तर दर १८० किलोला ती गोड्या पाण्यात एक सेंटीमीटर खाली जाते. ३०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे ३०० किलो. काटकसरीने वापरलं तर दोघांना आठवडाभर पुरेल. त्यात लाकडी कपाटं, पुस्तकं, आईने दिलेली पितळी भांडी असं करत ९०० किलो जास्त झाले की बोट ५ सेंटीमीटर खाली. मग वेगही मंदावतो आणि वरचं सगळं विजेचं गणित बिघडतं. वजन उंच ठेवलं तर ती डुलायलाही लागते. म्हणून एक तक्ता करा: प्रत्येक वस्तू, तिचं वजन, ती कुठे ठेवणार. बॅटरी आणि पाणी खाली आणि मधोमध. हा तक्ता आर्किटेक्टला द्या, तो तुमच्यावर खूश होईल.

संडासाचा प्रश्न लाजून मागे टाकू नका. मैला साठवायची टाकी लागते आणि ती किनाऱ्यावर रिकामी करायची सोय लागते. ज्या नदीत अंघोळ करणार त्याच नदीत सोडून देणं, हे उत्तर नव्हे.

कशाची बांधायची, यावर दिवसभर वाद घालता येईल. थोडक्यात सांगायचं तर स्टील मजबूत पण जड आणि गंजणारं, फायबरग्लास टिकाऊ पण साचा लागतो, आणि मरीन प्लायवूडवर इपॉक्सी व काचेचं कापड हा हौशी माणसाला सगळ्यात जमणारा मार्ग. प्लायवूड घेताना आयएस ७१० हा शिक्का पाहा. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो ते सगळं मरीन नसतं. इपॉक्सीला दमट हवा मानवत नाही, त्यामुळे कोकणात हे काम थंडीत उरकायचं. वेळेचाही अंदाज प्रामाणिकपणे घ्या. ३,००० तासांचं काम आहे असं धरलं आणि तुम्ही फक्त शनिवार-रविवार आठ-आठ तास दिलेत, तरी साडेतीन वर्षांहून जास्त होतात. एकही लग्न, बारसं, आजारपण मध्ये न येता. म्हणून कवच एखाद्या चांगल्या कारखान्यातून करून घेऊन आतलं काम स्वतः करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पाणी कुठलं?

दिल्लीत बसून हे लिहिताना यमुनेचा विचार मनात येतोच. वझिराबाद ते ओखला हा शहरातला पट्टा जवळजवळ २२ किलोमीटरचा, आणि तिथे पाण्यावर फेस तरंगतो. तिथे राहायचं म्हणजे स्वप्नाचा अपमान आहे. वरच्या बाजूला सोनिया विहार ते जगतपूर अशा ४ किलोमीटरच्या टप्प्यात विजेवरच्या बोटींनी पर्यटन सुरू करण्यासाठी मार्च २०२५ मध्ये सरकारी संस्थांमध्ये करार झाला. फेरफटक्याला ते ठीक, घर करायला नाही.

घर करायचं तर केरळचं बॅकवॉटर सगळ्यात सोयीचं. कोल्लम ते कोट्टापुरम असा १६८ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग, लाटा नाहीत, आणि बोटींचे कारागीर हाताशी. गोव्यात मांडवी आणि झुआरी या नद्या कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेल्या आहेत, समुद्रात न जाता एकीतून दुसरीत जाता येतं. महाराष्ट्रात दाभोळ आणि जयगडच्या खाड्या, तारकर्लीला कर्ली नदी.

खाडीत मात्र भरती-ओहोटीशी जमवून घ्यावं लागतं आणि विजेवरच्या बोटीला त्याचा केवढा फायदा आहे बघा. ४ नॉटने चालणारी तुमची बोट दीड नॉटच्या प्रवाहाबरोबर गेली तर १० सागरी मैलांना साडेचार युनिट लागतात. त्याच प्रवाहाविरुद्ध गेली तर १०. दुपटीहून जास्त. सहा तास थांबलं की पाणी आपणहून उलटतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, अष्टमीच्या आसपास भांगाला कमी. खाडीतल्या तरवाल्याला हे पंचांग तोंडपाठ असतं, त्याच्याशी दोस्ती करा.

आणि कागदपत्रं. मोटार विजेची आहे म्हणून नोंदणीतून सुटका नाही. देशांतर्गत पाण्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, त्याखाली यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते. महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्ड आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांच्याकडे आधी जा, आराखडा दाखवा, विमा कंपनीलाही विचारा. बोट बांधून झाल्यावर गेलात तर तेच अधिकारी तुम्हाला शत्रू वाटतील. बोट कुठे बांधून ठेवणार, तिथे वीज-पाणी कोण देणार, ग्रामपंचायतीचं काय म्हणणं, हेही लेखी घ्या.

घरच्यांचं मत

हा भाग मी शेवटी लिहितेय, पण तुम्ही तो सगळ्यात आधी करा. असं स्वप्न बहुतेक घरांत एकाचं असतं आणि ओझं दोघांवर पडतं. ज्याचं स्वप्न नाही त्या माणसाला विचारा: रोज पाणी मोजून वापरशील? मासिक पाळीच्या दिवसांत ही एवढी न्हाणीघराची जागा चालेल? आई-बाबांना शिडी उतरता येईल? रात्री दुखायला लागलं तर दवाखाना किती लांब? मुलांच्या शाळेचं काय? उत्तर ‘नको’ असेल तर तेही ऐका.

अरुंद जागेत राहायचं म्हणजे काय याचा नमुना आपल्यासमोर आहे. दांडेकरांच्याच कारखान्यात ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ बांधली गेली, तिच्यातून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, अशा सहा जणी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात जग फिरून आल्या. पुढे त्याच ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. पण या दोघींनी त्याआधी बोटीवर एकत्र सराव केला होता, लांबचे प्रवास केले होते. आपण नवरा-बायको मात्र एका वीकेंडच्या हाऊसबोटीवरून आयुष्याचा निर्णय घेतो.

तेव्हा असं करा. हॉलमधलं फर्निचर बाजूला सारा, जमिनीवर मास्किंग टेपने ८ मीटर बाय अडीच मीटरची चौकट आखा. हॉल पुरत नसेल तर गच्चीवर आखा. ओटा, पलंग, संडास यांच्या जागा खडूने काढा आणि शुक्रवार रात्र ते रविवार रात्र सगळ्यांनी त्या चौकटीत राहा. दिवसाला ४० लिटर पाणी आणि ५ युनिट वीज एवढंच वापरायचं. सोमवारी सकाळी टेप कुठे सरकवायची हे बायको सांगेल, आणि बहुधा तिचंच बरोबर असेल.

ते पार पडलं तर आलप्पुळा किंवा तारकर्लीला एक रात्र नव्हे, चांगले चार-पाच दिवस हाऊसबोट भाड्याने घ्या, चालकाशेजारी बसा, इंजिन कितीदा आणि का चालतं ते लिहून काढा. त्यानंतर मोठ्या बोटीच्या आधी चार मीटरची एक छोटी होडी बांधा. प्लायवूड, इपॉक्सी, मागे एक लहान इलेक्ट्रिक मोटार, मध्ये एक बॅटरी. एका हिवाळ्यात होते. किती वेगाला किती वॉट लागतात हे मीटरवर बघत एक मोसम चालवा आणि तुमचे स्वतःचे आकडे वहीत लिहा. मी वर अडीच किलोवॅट धरले होते, तिथे मग तुमच्या वहीतला आकडा घालून हिशेब परत मांडा. मोठी बोट बांधली तर ही छोटी तिच्या मागे बांधून किनाऱ्यावर ये-जा करायला लागतेच. नाही बांधली तरी रविवारी गळ टाकून बसायला ती पुरते.